मूठभर युरिया

२१ जुलै, सोमवार

ही डायरी कृषी खात्याची आहे. आमच्या सुनेला, निताला, प्रशिक्षणात अशा दोन मिळाल्या. एक तिने ठेवली आणि दुसरी नानीबाईच्या हातून माझ्याकडे पोचती केली. नानीबाई म्हणजे माझी बायको. डायरी देताना ती म्हणाली, "सून म्हणती, दिवसभर ओट्यावर बसून जे बोलत राहता ते ह्यात लिवत जा. तेवढाच तांड्याला आराम."

सून असं म्हणाली नसणार. तांड्याच्या आरामाचं वाक्य नानीबाईने पदरचं घातलं आहे.

जानेवारीपासूनची पानं कोरीच राहिली, त्याला इलाज नाही. प्रत्येक पानाच्या तळाला शेतकऱ्यासाठी एक वाक्य छापलेलं आहे. आजचं वाक्य, 'माती जगली तर शेतकरी जगेल.' बरं.

मी हरिचंद, वय बासष्ट, सातवी पास, शिरड शहापूरजवळच्या आमच्या तांड्याचा नायक. बाप नायक होता, आजा नायक होता. त्यांच्याही आधीचे आमचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथे घालायचे. आता बैल गेले, सोयाबीन आणि हळद राहिली. घरात आम्ही आमची बोली, गोरमाटी, बोलतो, पण मास्तरांनी लिहायला मराठीत शिकवलं, म्हणून या डायरीत सगळे मराठीच बोलतील.

निता कृषी सखी झाली आहे. सरकारने नैसर्गिक शेतीचं अभियान काढलं आहे. युरिया बंद, फवारे बंद, सगळी शेती गाईच्या शेणामुतावर. ते घरोघर शिकवायचं काम तिचं. ज्यांच्या पणज्यांनी हजार हजार बैल हाकले, त्यांना शेणाचं मोल सांगायला सरकारने माझीच सून नेमावी, याला काय म्हणावं? मी म्हणालो, "मासोळीला पोहायला शिकवून राहिले." नानीबाई म्हणाली, "मासोळीनं तीस वर्षं युरियाच टाकलाय शेतात."

एक गोष्ट लिहून ठेवतो. सून माझ्याशी बोलत नाही. भांडण नाही, ही आमची रीत आहे. सासऱ्यासमोर सून घुंगट घेते आणि थेट बोलत नाही. काही सांगायचं असलं तर नानीबाईला सांगते, नाहीतर माझी लेक मिना आहे, तिला. दोघी नसल्या तर गोठ्यात लाली गाईजवळ उभी राहून मोठ्याने बोलते. "लाली, जेवण झाकून ठेवलंय म्हणावं." लेकी बोले सुने लागे अशी म्हण आहे. आमच्याकडे गाईला बोले, सासऱ्याला लागे.

अकरा वर्षं झाली लग्नाला. रीत चांगली आहे. घरात शांतता राहते.

२६ जुलै, शनिवार

विकासने टेम्पोतून निळा ड्रम आणला. विकास माझा मुलगा. वसमतच्या बाजारात लोकांची हळद पोचवतो आणि बायकोचं सगळं ऐकतो.

ड्रममध्ये जीवामृत होणार. दोनशे लिटर पाणी, शेण, गोमूत्र, बांधावरची मूठभर माती, इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. मग नानीबाईने दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन ओतलं. मी ओट्यावरून पाहत होतो. परवा मी भजी मागितली तर पीठ नाही म्हणाली होती.

"आमाला भजी न्हाई आन् शेणाला बेसन?" मी विचारलं.

निता गोठ्यात गेली. "लाली, जमिनीतल्या जिवायला खायला लागतं म्हणावं. तवा त्ये वाढतात."

सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, आणि काठी फिरवायची ती उजव्या बाजूनेच. मी म्हणालो, शेणाला काय डावं-उजवं कळतं? यावर लाली काही बोलली नाही.

संध्याकाळी भजी झाली. कोणी कोणाला काय सांगितलं मला माहीत नाही.

३० जुलै, बुधवार

सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर बैठक झाली. भागवत सर आले होते, कृषी सहायक. बारीक माणूस, चांगला बोलतो. आमच्या तांड्यातून तीस घरांनी नावं दिली तर इथे गट होईल. यादी ते पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला आल्यावर नेणार. तीस भरली नाहीत तर गट दुसऱ्या गावाला जाईल, आणि कृषी सखीही तिथलीच नेमतील.

मग निता माईकवर बोलली. वीस मिनिटं बोलली, अडखळली नाही. हळदीचं कंद कसं कुजतं, रान कसं कडक झालंय, नांगर लागत नाही, सगळं बरोबर बोलली. मी लिंबाखाली पाठ करून बसलो होतो, कारण सासरा समोर असला तर तिला घुंगट घ्यावा लागतो आणि माईक घुंगटात अडकतो. आवाज खणखणीत आहे पोरीचा. इतकी वर्षं एका घरात राहून मला ठाऊक नव्हतं.

शेवटी भागवत सर म्हणाले, कोण कोण तयार आहे, हात वर करा. सगळ्या तांड्याने माझ्याकडे पाहिलं. नायकाने घाईने हात वर करायचा नसतो. मी दाढी खाजवली. अकरा नावं झाली.

घरी येताना सुदाम भेटला. तो तांड्याचा कारभारी, म्हणजे माझ्या खालोखालचा मान त्याचा, आणि लहानपणापासूनचा माझा दोस्त. म्हणाला, "नायक, तुमच्याच घरचं नाव न्हाई यादीत. मंग आमी काहून द्यावं?"

मी म्हणालो, विचार चालू आहे. तो म्हणाला, "तुमचा इचार व्हईपर्यंत पंधरा ऑगस्ट फुडल्या वर्साचा येतो."

५ ऑगस्ट, मंगळवार

तांड्यातल्या चौदा कुवार पोरी तीजेची परवानगी मागायला आल्या. तीज म्हणजे पोरींचा सण. टोपलीत शेणखत-माती घालून गहू पेरायचा, दिवसातून तीन वेळा विहिरीचं पाणी घालायचं, गाणी म्हणायची, आणि गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी ते हिरवे कोंब खुडायचे. ज्या पोरीची तीज उंच, तिचं नशीब उंच. टोपल्या नायकाच्या अंगणात ठेवायच्या असतात. मी दरवर्षीसारखा थोडा भाव खाल्ला आणि हो म्हणालो. मिनाची ही बहुतेक शेवटची तीज. पुढच्या वर्षी कॉलेजला हिंगोलीला जाईन म्हणते.

तेवढ्यात निताने नानीबाईच्या कानात काही सांगितलं. मिनाचा गहू बीजामृतात भिजवायचा. शेण, गोमूत्र, चुना. बाकीच्या पोरींनी नेहमीसारखा साधा पेरावा.

रूपाबाई तिथेच बसली होती. तांड्यातली सगळ्यात जुनी बाई ती. बायका माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकतात, हे मी फक्त इथे लिहितो. ती म्हणाली, "बराबर हाय. मिनाची तीज बाकीच्या पोरींच्या तीजेपरीस जोरात आली, तर मी नाव देते. मी दिलं की समद्या देतील. आन् नाय आली, तर बाई, तुजा ड्रम तू तुज्या घरात ठेव."

म्हणजे नोकरी आता टोपलीत पेरली गेली. मला हे पसंत नाही, पण मला कोणी विचारलं नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

अंगणात मेढी रोवून माच बांधला. मोड आलेला गहू पोरींनी पेरला आणि चौदा टोपल्या ओळीने मांडल्या. मिनाची टोपली गोठ्याच्या बाजूला, शेवटची. सुदामची नात शीतल, तिची बरोबर मधोमध. सुदामने जागा स्वतः निवडली.

पोरींनी गाणी धरली. नानीबाई ओट्यावर बसून पुटपुटत साथ देत होती. तिची तीज मला आठवते, पण ते इथे लिहीत नाही. डायरी सरकारी आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

आज राखी. बहीण आली, जेवून गेली.

सकाळी टोपल्या पाहिल्या. शीतलचे कोंब एक पेर वर. मिनाचे जेमतेम मातीबाहेर डोकावतायत. गोठ्याची सावली पडते तिथे, दुसरं काही नाही, पण सावलीचं कोण ऐकणार? रूपाबाई येऊन गेली, प्रत्येक टोपलीत वाकून पाहिलं. मिनाच्या टोपलीपाशी नुसतं "हं" म्हणाली. निता मागे उभी होती. तिच्या ओंजळीतलं पाणी टोपलीऐवजी पायावर सांडलं.

सुदाम रस्त्यावरून ओरडला, "नायक, तुमची तीज बसून राहिली का?"

दुपारी सगळ्या बाया खुरपायला गेल्या आणि पोरी विहिरीवर. मी कोठीत गेलो आणि हळदीला टाकून उरलेल्या गोणीतून एक मूठ युरिया आणला. मिनाच्या टोपलीत कडेकडेने पेरला, वर माती ओढली. एक मूठ म्हणजे काही फार नाही. एकराला आपण गोणी टाकतो.

हे सुनेसाठी केलं असं कोणी समजू नये. नायकाच्या अंगणात नायकाच्याच घरची तीज मागे पडणं बरं दिसत नाही, एवढंच.

आजच्या पानावरचं वाक्य, 'खत मोजूनच द्या.' मी मोजूनच दिलं. एक मूठ.

१० ऑगस्ट, रविवार

कोंब तरारले आहेत, असं मला वाटतं.

नानीबाईने धुणं धुताना विचारलं, "खिशात साखर व्हती का?" मी व्हय म्हणालो. ती म्हणाली, "मंग मुंग्या काहून लागल्या न्हाईत?" मुंग्यांचं काय सांगावं.

११ ऑगस्ट, सोमवार

मिनाची तीज जळाली. सकाळी शेंडे पिवळे होते, दुपारपर्यंत कोंब माना टाकून पडले. कडेचे तर तपकिरी झाले, जिथे मी टाकला होता तिथले.

मिना रडली. मोठी झाली तरी रडली. तीज जळाली म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाकीच्या पोरी गाणं अर्ध्यात सोडून उभ्या राहिल्या.

रूपाबाई आली. तिने जळकी काडी चिमटीत धरून पाहिली. "बाई, तुजं बीजामृत तीज जाळतंय, तर माज्या सोयाबीनचं काय करंल?"

अकरा नावांतली सहा नावं तिथल्या तिथे गेली. पाच उरली. निताने वही उघडली, पुस्तक उघडलं, टोपलीतली माती हातात घेऊन हुंगली, बोटांत चोळली. मग ओट्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत होतो. तिने माती परत टोपलीत टाकली आणि रूपाबाईला म्हणाली, "माझंच काही चुकलं असंल, मावशी."

पेपर कालचा होता हे मला नंतर कळलं.

निताचं काही चुकलं नव्हतं. हे या तांड्यात फक्त मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हेही फक्त मलाच माहीत आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी चहाला ओट्यावर आलो तर माझ्या बसायच्या जागेवर युरियाची अर्धी गोणी. मी विचारलं, ही इथे कशी? नानीबाई म्हणाली, "ठेवली व्हती, राहून गेली." हिला विसराळूपणा फार वाढला आहे. गोणी मीच कोठीत नेऊन ठेवली.

मग निता गोठ्यात लालीशी बोलत होती. "लाली, चूक समद्यायकडून व्हती. सांगून टाकलं की माणूस मोकळं व्हतं म्हणावं. कोणी रागवत न्हाई."

मी जाऊन पाहिलं. लालीने पाण्याची बादली पाडली होती. एवढ्याशा गोष्टीसाठी गाईला इतकं समजवायचं? मन मोठं आहे पोरीचं.

मी औंढ्याला निघालो. श्रावणी सोमवारच्या गर्दीत देव दिसत नाही म्हणून मंगळवार धरला, असं घरी सांगितलं. आधी खताच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा. म्हणालो, एका दोस्ताने टोपलीतल्या गव्हाला युरिया टाकला, जळाला. काही उतारा आहे का?

"किती टाकला?"

"मूठभर."

तो हसायला लागला. "नायक, दोस्ताला सांगा, टोपलीत मूठभर म्हणजे खत न्हाई, सरण रचलं. आता उतारा कशाचा?"

दर्शनाला गाभाऱ्यात वाकून उतरलो. पुजाऱ्याने बेल दिला तो घ्यायला मूठ उघडली, तर तीच मूठ. नागनाथाला काय मागावं सुचेना. वर येऊन पायरीवर बसलो. नायक म्हणून तीस वर्षं न्यायाला बसलो आहे. कोणी बकरी चोरली, कोणी बांध कोरला, कोणी खोटं बोललं. प्रत्येकाला मी एकच सांगायचो, की आधी कबूल कर, मग दंडाचं पाहू. सांगायला किती सोपं वाटायचं.

मला भीती वाटते, हे लिहून टाकतो. फेटा, म्हणजे नायकपण, जाईल याची नाही. निता आता लालीकडूनसुद्धा माझ्याशी बोलायची बंद होईल, याची.

१३ ऑगस्ट, बुधवार

सकाळीच नसाब बोलावली. नसाब म्हणजे पंचांची न्यायाची बैठक. सगळा तांडा मंदिरासमोर जमला. लोकांना वाटलं कोणाची तरी तक्रार आहे. सुदाम शेजारी बसून कुजबुजला, "कोण सापडलं?"

मी उठलो. फेटा काढून मंदिराच्या पायरीवर ठेवला आणि म्हणालो, "मिनाची तीज सुनेच्या बीजामृतानं जळली न्हाई. मी जाळली. टोपलीत युरिया टाकला. मूठभर."

मग सुदाम म्हणाला, "काहून?"

उत्तर तयार होतं. नायकाच्या घरची इज्जत, असं म्हणणार होतो. तोंडातून भलतंच निघालं. "पोरगी हरू नये वाटलं."

"कोणती? मिना?" रूपाबाईने विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. "दुसरी."

निता बायांच्या मागे उभी होती. तिने घुंगट आणखी खाली ओढला. मिना तिच्याकडे वळून हसत होती, रडल्यासारखी हसत होती. मी मान खाली घातली आणि सुदामला म्हणालो, "आज न्यायाला तू बस. काय दंड करायचा तो कर."

सुदाम उठला, खाकरला, पुन्हा बसला. परत उठला. "मला बसता येत न्हाई," तो म्हणाला. "शीतलच्या टोपलीत मी बी टाकलाय. पण चिमूटच टाकली."

"आजा, तुमी?" शीतल किंचाळली.

मागून कोणीतरी म्हणालं, हळदीवर मारायचं टॉनिक टाकलं तर ते धरतात का. आणखी एकाने डीएपी पाण्यात विरघळून दिला होता, दोन वेळा. अशी सात निघाली. चौदा टोपल्यांतल्या सात टोपल्यांत बापाचा नाहीतर आज्याचा हात. रूपाबाई हसता हसता खाली बसली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग सगळाच तांडा हसला. पोरी मात्र फार चिडल्या आणि त्यांचं बरोबर होतं.

न्यायाला शेवटी रूपाबाई बसली. तांड्याच्या इतिहासात हे पहिल्यांदा. तिने दंड सांगितला. ज्यांनी ज्यांनी टाकलं त्यांनी पोळ्यापर्यंत रोज गोमूत्र आणून द्यायचं. "आन् नायक, तुमी वरीसभर ड्रम ढवळायचा. सकाळ-संध्याकाळ. सुट्टी न्हाई."

मग म्हणाली, "आता नावं लिवा. माजं पयलं लिव, बाई. जी सून सासऱ्याची चूक ठाऊक असून तीन दिवस शब्द काढत न्हाई, आपल्यावर घेती, तिच्या हाती माजं एक एकर द्यायला मला भ्याव न्हाई."

रूपाबाईचं वय झालं. सुनेला कुठून ठाऊक असणार? पण त्या वेळी मी वाद घातला नाही. एवढंच म्हणालो, की पहिलं नाव माझं, दुसरं तुमचं.

यादी चौतीसवर गेली.

घरी आलो तर नानीबाईने फडक्यात बांधलेला गहू सोडला. मोड आलेला, बीजामृताचा वास येत होता. हा कधी भिजवला? म्हणे, "परवा. घुगऱ्या करायच्या व्हत्या." शेणातल्या घुगऱ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या, पण आज माझी बोलायची ताकद संपली होती. मिनाने नवी माती भरून गहू पेरला. तीन दिवसांत काय होणार, पण टोपली रिकामी तरी नको.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन झालं. भागवत सरांनी यादी घेतली, पहिलं नाव वाचलं आणि माझा हात हातात घेतला. "नायक, तुमचं मन कसं वळलं?"

मी म्हणालो, "अभ्यास केला."

मागे सुदाम इतका खोकला की त्याला पाणी द्यावं लागलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

आज तीज खुडली. रात्रभर पाऊस होता. शीतलची उंच तीज, सुदाम जिच्यासाठी चिमूट टाकून बसला होता, ती सगळी आडवी झाली होती. युरियावर वाढलेलं असंच पडतं, हे आम्ही सोयाबीनमध्येही दरवर्षी पाहतो आणि पावसाला शिव्या देतो. मिनाची तीज जेमतेम दोन बोटं होती, पण उभी होती. अख्खी टोपली गच्च भरली होती.

पोरींनी खुडलेले कोंब वडीलधाऱ्यांच्या फेट्यात खोवले. सुदामच्या फेट्यातली तीज कानावर लोंबत होती. मिनाने माझ्या फेट्यात खोवली ती कोणाला दिसलीच नाही, इतकी बुटकी. मी दिवसभर हात लावून पाहत होतो, आहे की पडली.

मग पोरी टोपल्या घेऊन ओढ्यावर गेल्या. रीतीप्रमाणे रडल्या. नानीबाई पण रडली. मी ओट्यावर होतो. पापड भाजायचा धूर फार होता.

१८ ऑगस्ट, सोमवार

दंडाचा पहिला दिवस. पहिला ड्रम संपला होता आणि नवा पावसामुळे कालपर्यंत भरला नव्हता. पाच दिवस झाले नसाबीला, आणि मला जी भीती होती तसंच झालं होतं. निता गोठ्यातही काही बोलत नव्हती. निरोप नाही, काही नाही. ताट वेळेवर येत होतं, पाणी वेळेवर येत होतं, आवाज नव्हता.

सकाळी सातला मी लिंबाची काठी घेतली आणि ड्रमपाशी उभा राहिलो. मिना शाळेत गेलेली. नानीबाई हळदीत खुरपायला. विकास टेम्पो घेऊन कुरुंद्याला. लालीला चरायला सोडलेलं. निता गोठा झाडत होती. मी ढवळायला सुरुवात केली. वास तितका वाईट नाही, गुळाचा येतो थोडा.

झाडू थांबला. माझ्या ध्यानात आलं की ती बघते आहे. मी जोर लावून ढवळलं.

ती खाकरली. मग तिने घराच्या दाराकडे पाहिलं, तिथे नानीबाई नव्हती. ओट्याकडे पाहिलं, मिना नव्हती. मग लालीच्या दावणीकडे वळली. तिथे नुसतं दावं पडलं होतं. तिच्या बांगड्या वाजल्या, परत थांबल्या. मी काठी फिरवत राहिलो, मला काय माहीत काय झालं ते.

"बा," ती म्हणाली. "डावीकडून न्हाई. उजवीकडून."

माझ्या हातातली काठी ड्रममध्ये पडता पडता राहिली. अकरा वर्षांत सुनेने माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही चूक दाखवणारं. मी वर पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर तिने घुंगट ओढला असता. "बरं," म्हणालो.

काठी उजवीकडून फिरवली. दहा-बारा फेरे झाले, सगळे बरोबर. ती शेणाची पाटी डोक्यावर घेऊन निघाली, फाटकापर्यंत गेली.

तेव्हा मी परत डावीकडून सुरू केलं. मुद्दाम.

"बा!" ती फाटकातूनच ओरडली.